मडके कच्चे म्हणून फोडू नका

गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेऊन संतांची मस्तके तपासली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकली आहे. नामदेवराय रुसले, देवापाशी गाऱ्हाणे घेऊन गेले. देवाने त्यांना नुसते गोंजारले नाही, विसोबा खेचरांकडे धाडले. कथेतली एक गोष्ट मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. काकांनी मडके कच्चे म्हटले, ते फोडले नाही. कच्च्या मडक्याची जागा आव्यात, उकिरड्यावर नव्हे.

आमच्या दिंडीतला एक माळकरी दोन वर्षे वारीला आला नाही. सुटलेली दारू पुन्हा लागली होती. त्याने माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली आणि लाजेने भजन सोडले. आम्हीही, खरे सांगायचे तर, त्याच्या दारावरून दोनदा गेलो आणि आत पाऊल टाकले नाही. गेल्या कार्तिकीला तो पंढरीत भेटला. गळ्यात माळ होती. म्हणाला, "महाराज, तुमच्यापुढे तोंड उघडवेना, म्हणून मोबाईलपुढे उघडले."

त्याने सांगितले ते असे. मोबाईलवर स्वतःच स्वतःला सावरण्याचे कार्यक्रम असतात. तेथे नाव सांगावे लागत नाही. आधी प्रश्न येतात: किती दिवसांनी पितोस, एका बैठकीला किती, प्यायल्यावर कोणते काम राहिले? हेच ते थापटणे! मग रोज खरा हिशेब लिहायचा. तलफ कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत उठते ते ओळखायचे. आग्रह झाला तर नाही कसे म्हणायचे ते ठरवायचे. एखादे दिवशी चुकलो, तर तेही लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहायचे.

कोणी म्हणेल, यंत्रापुढे कसला सत्संग? अहो, २०२० साली टाळेबंदीत संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या आणि आपण घरी बसून मोबाईलवरच कीर्तने ऐकली. तेव्हा डोळ्यांना पाणी आलेच ना? १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दारूने गांजलेले दोघे एकमेकांपाशी मन मोकळे करू लागले, त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही मंडळी उभी राहिली. त्यांच्या सभाही त्या टाळेबंदीत मोबाईलवर भरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अशाच एका कार्यक्रमाची परीक्षा भारत, ब्राझील, मेक्सिको व बेलारूस येथे झाली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की कार्यक्रम घेणाऱ्यांचे पिणे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक घटले. मात्र पुष्कळ जण मध्येच गळालेही. एकट्याने चालणारा वाटेत बसतो, हे वारकऱ्यास का सांगायला हवे?

एक सावधगिरी मात्र हवी. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. अशाने आधी डॉक्टर गाठावा. सरकारचा १४४४६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. औषध घेतल्याने निष्ठा उणी होत नाही. तापात आपण काढा घेतोच की!

सज्जनहो, त्या माळकऱ्याचे बोल आम्हांस अजून टोचतात. ज्या यंत्रास दया नाही, त्याच्यापुढे तो बोलला, आणि दयेची प्रवचने करणाऱ्या आमच्यापुढे मात्र त्याची जीभ अडली. उणे कोठे आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे. आपल्या गावातही एखादे दार असेल, जेथून माळकरी भजनास येईनासा झाला आहे. या एकादशीला तेथे जा. उपदेश करू नका. जवळ बसा, त्याचे ऐका आणि उठताना एवढेच सांगा, की दिंडीत तुझी जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.

रामकृष्णहरि.