वाट अडवली तेव्हा दिसली

मे महिन्यात रायपूरजवळच्या बीरगांवात पारा कधीकधी ४४ च्या पुढे जातो, शेजारच्या उरला औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलांची धग वेगळीच. तरी सकाळच्या वेळी आंब्याच्या कोयींवर चिलटं जमायची ती जमतातच. या चिलटांमधला ड्रोसोफिला हा प्रकार जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. त्याचं एक वाण मोठं विलक्षण आहे. एरवी ही माशी उडते, खाते, अंडी घालते, तिच्यात काही उणं दिसत नाही. पण तापमान ३८ अंशांवर नेलं की काही मिनिटांत ती आडवी होते. ती मेलेली नसते. गार जागी आणली तरी लगेच उठत नाही. बराच वेळ तशीच पडून राहते, मग पाय हलवते आणि चालू लागते.

हा दोष ज्या जनुकात आहे त्याचं नाव कोमाटोझ. त्यावरचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक दोन: मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दिकी आणि कॅलटेकचे सेमूर बेंझर. माशी बेशुद्ध का पडते, याचं नेमकं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं. ते मिळायला आणखी जवळपास वीस वर्षं जावी लागली, आणि मिळालं तेव्हा या माशीचा धागा भलत्याच ठिकाणी जाऊन जोडला गेला. पेशीत तयार झालेलं प्रथिन पेशीबाहेर कसं पोचतं, या शंभर वर्षं चाललेल्या शोधाशी.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा विषय पुस्तकात एका आकृतीत येतो. केंद्रकाला लागून आंतर्द्रव्यजालिका, तिच्यापुढे चपट्या पिशव्यांची चळत म्हणजे गॉल्जी संकुल, आजूबाजूला गोल पुटिका, कडेला पेशीपटल. मुलं नावं घालतात, गुण मिळतात. त्या आकृतीबद्दल माझी तक्रार एकच आहे: तिच्यात सगळं जागच्या जागी आहे. आपली लाळ, पोटातले पाचक रस, इन्सुलिन, रक्तातली प्रतिपिंडं, कातडीतलं कोलॅजन, सगळं या आतल्या पटलांमधून सतत वाहत बाहेर येतं. ते थांबलं तर आपण संपलो. आणि पानावर दिसतो तो फक्त नकाशा. विज्ञानसुद्धा बरीच वर्षं या नकाशापाशीच अडकलं होतं, हे मुलांना सांगितलं की ती जरा सरसावून बसतात.

नकाशाची सुरुवात १८९८ ची. इटलीतल्या पाव्हियाचे कामिल्लो गॉल्जी चेतापेशी रंगवत होते. गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत त्यांना केंद्रकाभोवती एक काळं, जाळीदार काहीतरी दिसलं. ते त्यांनी नोंदवलं आणि मग अर्धं शतक वाद चालला. रंग लागायचा तर चांदी किंवा ऑस्मियम वापरावं लागे, आणि तो कधी लागे, कधी लागत नसे. ही जाळी पेशीत खरंच आहे, की रसायनांनी मारलेल्या पेशीतला तो निव्वळ आभास, असा प्रश्न होता. १९४९ मध्ये जॉर्ज पलाडे आणि आल्बेर क्लोद या दोघांनी ठासून लिहिलं की हा रसायनांनी निर्माण केलेला आभास आहे. पुढे १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप पाहता येऊ लागले आणि पिशव्यांची चळत स्पष्ट दिसली. गॉल्जी संकुल खरंच होतं. आणि त्याला आभास म्हणणारे पलाडे हेच पुढे त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा पुरावा देणार होते. मला हा माणूस यासाठीच मोठा वाटतो. आधी काय छापून आलंय याचं ओझं त्यांनी वाहिलं नाही.

दिसलं तरी प्रश्न उरलाच. सूक्ष्मदर्शकाखाली येणारी पेशी मेलेली. तिच्यात जालिका आहे, संकुल आहे, पुटिका आहेत, पण कशातून काय कुठे जातं हे मेलेली पेशी कशी सांगणार? पलाडे आणि जेम्स जेमीसन यांनी यात घड्याळ आणलं. गिनी पिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप जिवंत ठेवायचे. त्यांना फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी ल्युसिन द्यायचं, मग साधं ल्युसिन भरपूर द्यायचं. म्हणजे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच खूण राहते. मग वेगवेगळ्या वेळी काप मारायचे आणि खूण कुठे पोचली ते बघायचं. तीन मिनिटांनी खूण आंतर्द्रव्यजालिकेवर. सातव्या मिनिटाच्या आसपास गॉल्जीपाशी. सदतिसाव्या मिनिटाला गॉल्जीलगतच्या, आत माल दाट होत चाललेल्या पिशव्यांत. दोन तासांच्या आसपास, ११७ मिनिटांनी, बाहेर पडायला तयार असलेल्या कणांत. हे काम १९६७ चं. प्रत्येक काप मेलेलाच होता, पण ते वेळेच्या क्रमाने लावले की पहिल्यांदाच प्रवास दिसला. पेशीतल्या वस्तूंची यादी संपून वाटेची कल्पना सुरू झाली ती इथे. १९७४ चं नोबेल पलाडे, क्लोद आणि क्रिस्त्यां द दूव यांना मिळालं.

प्रथिन त्या वाटेला लागतं कसं, हे ग्युंटर ब्लोबेल यांनी सांगितलं. तयार होणाऱ्या प्रथिनाच्या टोकालाच एक छोटा तुकडा असतो, तो त्याला जालिकेत नेतो आणि काम झालं की कापला जातो. १९७५ चं हे काम, १९९९ चं नोबेल. यावर मी इथे थांबत नाही, कारण माझ्या मते खरी अडचण पुढची होती. जालिकेतून निघालेली पुटिका गॉल्जीलाच का चिकटते? चिकटल्यावर दोन पटलं एक कशी होतात? हे कोण घडवून आणतं? घड्याळाने वाट दाखवली होती, पण वाटेवर काम करणारे हात दाखवले नव्हते.

त्यांना शोधायचं तर एकेक हात मोडून पाहायला हवा. पण जो जनुक मोडला की पेशीच मरते, त्याचा अभ्यास करायचा कसा? मेलेला जीव वाढवता येत नाही. सूक्ष्मजीवांच्या जनुकशास्त्रात यावर एक युक्ती होती: असा दोष शोधायचा जो गार असताना दबून राहतो आणि तापवल्यावर उघडा पडतो. थंडीत जीव वाढवा, उष्णतेत त्याचं एकच काम बंद पाडा, पुन्हा गार करून सुरू करा. चालणारी गोष्ट समजायची तर ती हवी तेव्हा थांबवता आली पाहिजे, आणि पुन्हा चालू करता आली पाहिजे. या सगळ्या इतिहासाचा कणा मला हाच वाटतो. सूक्ष्मदर्शकाने जे दिसलं नाही ते थर्मामीटरने दिसलं.

सिद्दिकी याच परंपरेतले. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईत आले आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. जिवाणूंच्या जनुकशास्त्रात त्यांचा हात बसलेला होता. पुढे ते माशीकडे वळले तेव्हा ही हत्यारं त्यांच्याबरोबर आली. कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या गटाने तापमानाला लुळ्या पडणाऱ्या माश्या थोड्या आधी शोधल्या होत्या. सिद्दिकी आणि बेंझर यांनी अशा माश्यांच्या चेतासंस्थेत विजेचे संदेश कुठे तुटतात हे मोजलं. प्रश्न चेतासंस्थेचा होता. पेशीच्या आतल्या वाहतुकीचा विचार त्यात कुठे नव्हता.

इकडे बर्कलीत रँडी शेकमन यांनी तीच युक्ती यीस्टवर लावली. त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांच्यासोबत त्यांनी २५ अंशांवर वाढणारं पण ३७ अंशांवर प्रथिन बाहेर सोडता न येणारं यीस्ट शोधलं. अशा पेशी आत माल साठत गेल्याने जड होतात, मग त्यांना घनतेवरून वेगळं करायचं. इतकी साधी चाळणी! १९८० पर्यंत त्यांच्या हाती २३ जनुकं लागली. तापवलेल्या पेशीचा काप पाहिला की कोणात जालिका फुगलेली, कोणात गॉल्जीच्या पिशव्या वाढलेल्या, कोणात पुटिकांची नुसती खच्चून गर्दी. रेल्वेचं फाटक पडलं की ट्रकांची रांग कुठून सुरू होते ते पाहून कोणतं फाटक पडलंय हे कळतं, तसं. माल जिथे तुंबला त्याच्या पुढचं पाऊल मोडलेलं.

जेम्स रॉथमन यांनी जनुकांना हात न लावता पेशी फोडली आणि गॉल्जीच्या पिशव्या परीक्षानळीत एकमेकींना माल देतात की नाही ते पाहिलं. देत होत्या. मग त्यात एन-इथाइलमॅलेइमाइड हे रसायन घातलं की देवाणघेवाण बंद. जे प्रथिन परत घातल्यावर ती सुरू होते ते त्यांनी १९८८ मध्ये शुद्ध केलं. त्याचं नाव एनएसएफ. इथेही तीच रीत: थांबवा, सुरू करा, आणि कशाने सुरू झालं ते पकडा. पुढच्याच वर्षी कळलं की शेकमन यांच्या यीस्टमधला सेक-१८ हा जनुक याच प्रथिनाचा. हॅमस्टरची पेशी आणि पावातलं यीस्ट, दोघांत एकच हात.

आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बॅरी गॅनेट्स्की यांच्या गटाने कोमाटोझ जनुक वाचला. तोही एनएसएफच.

माशी का पडते ते आता जवळून पाहता येतं. पुटिकेवर आणि ती जिथे चिकटणार त्या पटलावर स्नेअर नावाची लांबट प्रथिनं असतात. ती एकमेकांत पीळ घालून घट्ट बसतात, त्या ओढीने दोन पटलं जवळ येऊन एक होतात आणि आतला माल बाहेर पडतो. पण पीळ तसाच राहिला तर तीच प्रथिनं पुढच्या पुटिकेला मिळणार नाहीत. एनएसएफ ऊर्जा खर्च करून तो पीळ सोडवतं. कोमाटोझ माशीत ३८ अंशांवर हे सोडवणारं प्रथिन काम टाकतं. पीळ पडलेल्या स्नेअरचा ढीग साचतो, चेतापेशीच्या टोकाला रसायन सोडायला मोकळी जोडी उरत नाही, आणि माशी आडवी होते. माशीत एनएसएफची दोन जनुकं असतात आणि प्रौढ माशीच्या चेतासंस्थेचा भार मुख्यतः या एकावर असतो. म्हणून लुळेपणा येतो, पण जीव जात नाही. दोन जनुकांचा हा योग नसता तर ही माशी कदाचित हातीच लागली नसती.

हे काम १९७६ वर थांबलं नाही. के. एस. कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्यातल्या टाटा संस्थेत शिबिरे, कोमाटोझ आणि अशाच तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर अनेक वर्षं काम केलं. पटलापासून पुटिका तोडून वेगळी करणारं डायनामिन हे प्रथिन शिबिरे जनुकाचं. त्याला लागणारा इंधन-रेणू कोण पुरवतो, यावर त्यांचा २००१ चा निबंध आहे. सिद्दिकी २०१३ च्या जुलैत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेकमन, रॉथमन आणि चेतापेशींतून रसायन सुटण्याची वेळ कॅल्शियम कशी ठरवतं हे दाखवणारे थॉमस स्युडहोफ यांना नोबेल जाहीर झालं. पारितोषिक योग्य लोकांना गेलं, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या मुलांच्या पुस्तकात या धड्यात पाव्हिया येतं आणि कुलाबा येत नाही, याचं वाईट वाटतं. मुंबईच्या एका शास्त्रज्ञाच्या हातात या रेणूचा दोष आधीच आला होता, हे त्यांना कळायला हवं.

गॉल्जीच्या त्या चळतीबद्दलची समजूतही अलीकडे बदलली. पिशव्या स्थिर, पुटिका माल घेऊन पुढे जातात, असं दीर्घकाळ मानलं गेलं. पण कोलॅजनची कच्ची दोरी ३०० नॅनोमीटर लांब असते आणि नेहमीची पुटिका शंभराच्या आतली. ती मावणार कशी? १९९८ मध्ये इटलीतल्या एका गटाने दाखवलं की कोलॅजन पिशवीतून न निघताच पुढे सरकतं. २००६ मध्ये शिकागोचे बेंजामिन ग्लिक आणि जपानमधला एक गट, दोघांनी स्वतंत्रपणे, जिवंत यीस्टमध्ये एकच पिशवी डोळ्यांदेखत आपला प्रकार बदलताना पाहिली. आधी ती सुरुवातीची होती, नंतर तीच शेवटची झाली. म्हणजे वाटेवरचे थांबेसुद्धा चालतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात दिब्येंदु भट्टाचार्य यांच्या गटाने ग्लिक यांच्यासह २०१४ मध्ये पाहिलं की यीस्टमधलं आर्फ हे प्रथिन कमी केलं की या बदलाची लय बिघडते आणि पिशव्या मोठ्या होतात.

आर्फचाच धागा पुण्यात दिसतो. पाषाणच्या आयसरमध्ये नागराज बालसुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये माणसाच्या आणि उंदराच्या पेशी ज्या पृष्ठभागाला चिकटून वाढतात त्यावरून सोडवल्या. पकड सुटताच आर्फ-१ मंदावतं आणि गॉल्जीची मांडणी विस्कटते. पुन्हा फायब्रोनेक्टिन या पकड देणाऱ्या प्रथिनावर टेकवलं की ती झपाट्याने सावरते. आर्फ-१ कायम जागं ठेवलं तर पकड सुटूनही मांडणी टिकते. तरंगत्या अवस्थेत पेशीच्या अंगावरची साखरेची झूल वाढते, हेही त्यांना दिसलं. निरोगी पेशीला जगायला पकड लागते, कर्करोगाच्या बऱ्याच पेशींना लागत नाही. त्यांच्या आतली ही मांडणी कोण सांभाळतं, हा प्रश्न आता कामाच्या टेबलावर आहे.