छाटलेली वेल, उजाड टेकडी

एप्रिलमध्ये दिंडोरीत आलात तर द्राक्षबागा बघून दचकाल. खरड छाटणी झालेली असते. मांडवावर पान नाही, नुसती खोडं आणि काळपट ओलांडे. पण इथलं शाळकरी पोरही ‘बाग मेली’ म्हणणार नाही. ओलांड्यांवर नवी फूट येणार, त्या काड्यांच्या डोळ्यांत घड धरणार आणि ऑक्टोबरची छाटणी झाली की ते बाहेर पडणार, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून त्या उघड्या लाकडाला आम्ही खत घालतो, ठिबकचं पाणी देतो, विजेची वेळ गाठायला रात्री उठतो.

आमच्या बांधापलीकडे एक टेकडी आहे. त्याच एप्रिलमध्ये तीही उघडी असते. तिला मात्र गाव ‘उजाड’ म्हणतं.

कॉलेजात असताना आम्ही काही मुलं त्या टेकडीवर झाडं लावायला गेलो होतो. कल्पना माझीच. मे महिन्यात खड्डे खणताना मधे येणारी ‘खुरटी झुडपं’ आम्ही कुदळीने उपटली. पळसाचे फुटवे, बोरी, खैराची रोपं, करवंदाच्या जाळ्या. जुलैत त्या जागी गुलमोहर आणि गिरिपुष्प लावलं, फोटो काढले. शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हातारीने विचारलं, “लावली किती ते सांगतोस पोरा. तोडली किती?” मी हसून विषय टाळला.

पुढच्या मेपर्यंत आमची बहुतेक रोपं वाळली. पळस मात्र जमिनीत राहिलेल्या मुळांतून पुन्हा वर आला होता. तिचा प्रश्न तेव्हा मला समजला.

आमच्याकडचं जंगल शुष्क पानझडीचं. पाऊस चार महिन्यांचा, बाकीचा काळ कोरडा. पानातून पाणी उडून जातं, म्हणून झाड पानातली अन्नद्रव्यं शक्य तेवढी आत ओढून घेतं आणि पान सोडून देतं. पळस फाल्गुनात उघड्या फांद्यांवर फुलतो आणि मैना, सूर्यपक्षी लांबून ओळखून येतात. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात, नवी पालवी येण्याआधी. आपण ज्याला जंगलाचं मरण म्हणतो, तो त्याचा फुलायचा हंगाम आहे.

कागदोपत्री हे कळतं, असंही म्हणता येईल. भारतीय वन सर्वेक्षण वनआच्छादन मोजायला शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधली उपग्रहचित्रं घेतं. तेव्हा ढग नसतात आणि झाडांवर पानंही असतात. पण झाडांचं छत्र 10 टक्क्यांहून कमी भरलं की तीच जमीन ‘झुडपी’ ठरते, आणि देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी जमिनीला वेगळे रकाने आहेत. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला आपण मोकळे होतो. मी कुदळ उचलली ती याच मोकळेपणाने.

मग वेलीला जो धीर मी दाखवतो, तो टेकडीला का नाही? सोपं उत्तर असं की वेल पैसे देते. पण टेकडीही देतेच. म्हातारीच्या शेळ्यांना पाला, कुणाला पत्रावळीची पानं, कुणाला मोहाची फुलं. तिच्यावर मुरलेलं पाणी माझ्याच विहिरीला येतं. फरक इतकाच की वेल माझ्या नावावर आहे. जे आपलं असतं, त्याच्या वाईट दिवसांत आपण थांबतो. जे आपलं नसतं, त्याला त्याच दिवसांवरून जोखतो. ही मला माझी नैतिक चूक वाटते, अज्ञान तिच्या मागून येतं.

आणि ‘कुणाची नाही’ असं तरी कुठे आहे? मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांत आमच्या भागातले आदिवासीही होते. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची मोठी मागणी होती. टेकडी राखायची म्हणून त्या म्हातारीला हाकलायचं, तर तो दुसरा अन्याय. शेळ्या फुटवे खातात हे खरं. म्हणून कुठे आणि कधी चारायचं, ते तिच्याशी बोलूनच ठरवायला हवं.

कोस्टारिकात पॅसिफिक किनाऱ्याजवळ ग्वानाकास्ते नावाचा प्रदेश आहे. तिथलंही जंगल असंच कोरड्या हंगामात पानं गाळणारं. कुरणांसाठी ते साफ केलं गेलं आणि आफ्रिकेतून आणलेलं गवत दरवर्षी पेटू लागलं. 1980च्या दशकात डॅनियल जॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य भर दिला तो आग थांबवण्यावर. त्या कामाला आसपासचीच माणसं घेतली. वाऱ्याने आणि प्राण्यांनी बिया आणल्या, आणि मोठ्या भागावर जंगल परतलं. त्यांनी जंगलाला मुख्यतः दिली ती सवड.

यंदा आमची छाटणी उरकल्यावर मी बांधालगतचं वाळलं गवत कापून जाळरेषा काढत होतो, वणवा टेकडीवर चढू नये म्हणून. शेजारचे काका थांबले.

“काय आहे रे तिथे वाचवण्यासारखं?”

मी त्यांच्या मांडवाकडे बोट केलं. “काका, तुमच्या बागेत तरी आत्ता काय आहे?”