दानावरचे नाव

गुप्तदान श्रेष्ठ, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सरकारी नोकरीत गावोगावच्या शाळा पाहताना दात्यांच्या नावांचे संगमरवरी फलक दिसत, तेव्हा मला हसू येई. एका ठिकाणी तर वर्गखोलीपेक्षा फलकच देखणा होता. तरीही एका नावापाशी माझे हसू थांबते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापिले. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे, हा त्यांचा आग्रह. सरकारची मान्यता नव्हती, तिजोरी रिकामी होती. लहान लहान वर्गण्यांवर किती वर्षे रेटणार? १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. तिचे वार्षिक व्याज ५२,५०० रुपये विद्यापीठास मिळावयाचे आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव लागावयाचे. कर्व्यांनी ते मान्य केले. स्वतःचे नाव त्यांनी तेथे लावले नव्हतेच.

येथे दोन शंका मनात येतात. पहिली, नाव विकले काय? मला तसे वाटत नाही. स्त्रीची ओळख घराच्या उंबरठ्याआड संपत असलेल्या त्या काळात एका आईचे नाव हजारो पदव्यांवर उमटले. मात्र त्या नावातही पती आणि घराणे सोबत आलेच! दुसरी शंका अधिक बोचते. तो पैसा गिरण्यांतला. तेथे बायकाही राबत होत्या. त्यांच्यापैकी कितीजणींच्या लेकी त्या विद्यापीठाची पायरी चढू शकल्या असतील? म्हणून कर्व्यांनी देणगी नाकारावयास हवी होती, असे म्हणण्याचे धाडस मात्र मला होत नाही. नकाराची किंमत त्यांना नव्हे, मुलींना मोजावी लागली असती.

आमच्या निर्ण्यात शाळेच्या छपरासाठी वर्गणी निघाली, तेव्हा माझ्या आईने रोकड नसल्याने आपली पितळी घागर दिली. तिला सही येत नव्हती. वर्गणीच्या वहीत घागरीची नोंद झाली, ती वडिलांच्या नावावर. तिला त्याचे काही वाटले का, हे मी कधी विचारले नाही.