प्रारब्ध, तितिक्षा आणि वार्धक्यातील आमवात

उतारवयात सांधे आखडू लागले की ते वयाचे भोग मानून सोसावेत, ही समजूत मराठी घरांत खोलवर रुजलेली असून, प्रारब्ध आणि तितिक्षा या दोन कल्पनांचा आधार तिला दिला जातो. प्रारब्ध म्हणजे ज्याचे फळ या देहात भोगावयास आरंभ झाला आहे असे पूर्वकर्म, आणि तितिक्षा म्हणजे दुःखाचा प्रतिकार वा विलाप न करता ते सहन करणे, असे लक्षण शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘विवेकचूडामणी’त सांगितले आहे. मग आमवातावर तातडीने औषध घेणे हा श्रद्धेचा उणेपणा ठरतो काय?

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा झिजेचा विकार नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा सांध्याच्या आतील अस्तरावरच उलटते आणि तेथील सूज कूर्चा व हाड कुरतडत जाते. साठीनंतर तो कित्येकदा एकाएकी, खांद्यांसारख्या मोठ्या सांध्यांतही सुरू होतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही, जपमाळेचा मणी अंगठ्याने पुढे सरकत नाही, आणि घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून मोकळी होतात. कुरतडलेले हाड पूर्ववत होत नाही, म्हणूनच रोगाची गती रोखणारे औषध शक्यतो तीन महिन्यांच्या आत सुरू करावे, असे युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे.

कर्मसिद्धान्तात प्रारब्धाच्या जोडीला क्रियमाण, म्हणजे आता घडत असलेले कर्मही आहे, आणि उपचार लांबवणे हे त्यातच मोडते. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर प्रबळ पुरुषप्रयत्न दुबळ्या दैवाला मागे सारतो, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. शिवाय तितिक्षा ही मुमुक्षूने स्वतः पत्करावयाची साधना आहे. मुलाने वा सुनेने ती सत्तरीच्या आईवर लादणे हा सरळ अन्याय होय.

औषधे निर्धोक नाहीत, हेही खरे. रोगाची गती रोखणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, आणि ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने वृद्धांत मात्रा बेताची ठेवून रक्त वरचेवर तपासावे लागते. पासष्टीपुढील रुग्णांना दोन वर्षे रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन केलेल्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सांध्यांची हानी घटली, पण जंतुसंसर्ग वाढले. हे लाभ आणि धोके समजावून घेऊन औषध घ्यावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या वृद्ध व्यक्तीचाच आहे. तो तिला वेळेत वापरता यावा म्हणून, सुजलेली बोटे दिसताच काही आठवड्यांतच तिला संधिवाततज्ज्ञांकडे न्यावे.