कात्री कुठे लावावी?

जीन्सवर पैठणीचं जाकीट घालून एखादी मुलगी लग्नाला आली की मांडवात कुणी ना कुणी परंपरा बुडाल्याची तक्रार करतंच. मला ती पटत नाही. परंपरा म्हणाल तर नऊवारीला आत परकर लागत नाही. सहावारीखालचा परकर आणि इंग्रजी बेताचा ब्लाउज आपल्याकडे अलीकडे रुळला. १८६०च्या दशकात पती सत्येंद्रनाथ टागोरांबरोबर मुंबईत राहिलेल्या ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत उचलली आणि ब्लाउज-परकरासह ती बंगालात नेली. त्याच शतकात पुण्या-मुंबईचे विद्वान धोतर-पगडीबरोबर इंग्रजी पद्धतीचा कोट घालून सभा गाजवत होते. सरमिसळ आपल्या अंगवळणी पडलेली आहे. खरा प्रश्न कात्रीचा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

पाश्चात्त्य कपडा कापून, अंगाच्या मापाने शिवून तयार होतो. साडी, उपरणं, शेला ही अखंड वस्त्रं. पण म्हणून आपल्या विणकराला शिवणकाम ठाऊक नव्हतं असं नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण पाहा. अरुंद पन्ह्याचं, बारीक बुट्ट्यांचं हे कापड चोळीसाठीच विणलेलं असतं. त्याला कात्री लागणार हे माग जोडतानाच ठरलेलं. औरंगाबादच्या हिमरू कापडाच्या शेरवान्या होत. मशरूला बाहेरून रेशीम आणि आतून सूत, त्यामुळे अंगाला सूत लागतं. आधुनिक जाकीट, स्कर्ट, बंद गळ्याचा कोट यांसाठी ही कापडं जणू वाट पाहत बसली आहेत. तरी आपण त्यांना सोडून पैठणीवर कात्री चालवतो.

पैठणीच्या पदरावरचा मोर छापलेला नसतो की वरून भरलेला नसतो. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली घेऊन, धागे एकमेकांत अडकवत तो विणतात. म्हणून अस्सल पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखी दिसते. पदराची सगळी रचना एका रुंदीत, एका चौकटीत बसवलेली असते. तो कापून जाकीट बेतलं की मोराची मान शिवणीत जाते, डाव्या पाखाची वेल उजव्या पाखाशी जुळत नाही. घामाने रेशीम कमजोर होतं आणि काखेत, कोपरावर आधी विरतं. शिवाय एकदा कापलेली पैठणी पुन्हा कुणालाच नेसता येत नाही.

जीर्ण साडीची गोष्ट वेगळी. फाटलेल्या साडीचे काठ उसवून मुलीच्या परकराला लावणं ही आपल्या घरांतली जुनी शहाणी रीत आहे, आणि तेच काठ आज डेनिमच्या जाकिटाला लावले तर मला आनंदच होईल. धड पैठणी मात्र न कापताही आजची दिसते. पांढऱ्या कॉलरच्या शर्टावर नेसा, कमरेला चामड्याचा पट्टा बांधा. साध्या काळ्या ड्रेसवर पैठणीची ओढणी नुसती खांद्यावरून सोडली, तरी तिच्यापुढे दुसरा दागिना लागत नाही.

तयार जाकीट घेताना आणखी एक अडचण आहे. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरचं कापड त्याच नावाने सर्रास विकलं जातं. त्याच्या उलट्या बाजूला बहुधा लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात. पण जाकिटाला अस्तर असतं! ओळखीची सोपी खूणच झाकली जाते, आणि हातमागाचे पैसे मोजून गिऱ्हाईक भलतंच काही घरी आणतं. अस्तर लावण्यापूर्वीचं कापड दाखवा, असं दुकानदाराला सांगायला संकोच कशाला?

त्याहून चांगला मार्ग येवल्याच्या आणि पैठणच्या विणकरांकडे आहे. जाकिटाची मापं आधी कळली तर विणकर काठ बटणपट्टीवर येईल असा धरू शकतो, मोर पाठीच्या मधोमध बसवू शकतो, दोन्ही पाखांच्या वेली समोरासमोर विणू शकतो. वेळ लागेल, पैसेही लागतील. पण ते मागावर बसणाऱ्याच्या हातात जातील. तेव्हा या दिवाळीत पैठणीचं जाकीट हवंच असेल, तर कपाटातली धड साडी शिंप्याकडे देऊ नका. विणकराकडे जा आणि जाकिटासाठीच कापड विणून घ्या.