हात आवरणे हेही व्रतच

सज्जनहो, एकादशीला आपण जीभ आवरतो. भूक लागली तरी घास उचलीत नाही. कारण व्रत पोटाहून मोठे. पण तोच माळकरी बाजारात गेला की त्याचा हात कुणाचे ऐकत नाही. हे होते केव्हा? मन दुखावले, राग आला, शेजाऱ्याने काही नवे आणले, किंवा घरातले कुणी गेले म्हणजे. तेव्हा आपण वस्तू घेत नसतो, मनाची समजूत विकत घेऊ पाहतो. ती कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. आई गेली. तिच्या अखेरच्या दोन वर्षांत तिच्याजवळ घटकाभर बसायला मला सवड झाली नव्हती. ती टोचणी आत होती. म्हणून व्याजाने पैसे काढले आणि तेराव्याला सारा गाव जेवू घातला. लोक म्हणाले, “पोराने आईचे पांग फेडले!” ऐकून बरे वाटले, पण चारच दिवस. कर्ज फिटायला चार वर्षे लागली. दोन आषाढ्यांना दिंडीची भिशी भरण्यापुरतेही हाती उरले नाही. माउलींची पालखी पुढे गेली आणि मी घरी बसलो. आईला गावजेवण नको होते हो, तिला मी हवा होतो!

पैसा वाईट, असे संत म्हणत नाहीत. नामदेवराय शिंपी, गोरोबाकाका कुंभार, सावतोबा माळी. सारे कष्टून खाणारे. तुकोबारायांच्या घरी तर सावकारी होती. १६३० च्या सुमारच्या दुष्काळात त्यांनी माणसांचे हाल पाहिले, आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. ऋणाचा फास कसा बसतो ते त्यांनी जाणले होते. आपण मात्र तो फास आपल्याच हाताने वळतो! त्यात २०१६ साली यूपीआय आले. पूर्वी नोटा मोजताना हात जरा थबके. आता मोबाइलवर बोट टेकले की पैसे गेले.

मग करावे काय? उपाय माळकऱ्याच्या घरातच आहे. दाणापाणी, औषध, मुलांची फी, बी-बियाणे सोडून जे घ्यावेसे वाटेल ते वहीत लिहावे आणि पुढच्या एकादशीपर्यंत थांबावे. पंधरा दिवसांत ती येतेच. त्या दिवशी वही उघडून स्वतःला विचारावे, “हे मनात आले तेव्हा मी रागात होतो, दुःखात होतो, की ईर्ष्येत?” बऱ्याच ओळी आपणच खोडाल. उरेल ते खुशाल घ्या, पण रोखीने घ्या. मन फारच खवळले तर बाजाराची वाट सोडून देवळाची धरा, टाळ हाती घ्या. आणि घरी आईबाप असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्याला पैसा लागत नाही.

वाचेल त्यातून पुढच्या वारीची भिशी आधी बाजूला काढून ठेवा. रामकृष्णहरि.