वही कुणापुढे उघडायची?

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात परभणी, जिंतूर, सेलूच्या कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्याच्या पिशव्या आणि डीएपीसाठी गर्दी उसळते. मृग तोंडावर आलेला असतो. हातात असेल तो पैसा रानात घालायचा, कमी पडेल तो दुकानदाराच्या उधारीवर. नेमक्या त्याच दिवसांत, २५ ते ३१ मेच्या दरम्यान, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये आणि जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये बचत खात्यातून आपोआप वळते होतात, कारण या दोन्ही विम्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं. त्या दिवसांत खातं कोरडं असेल तर संरक्षण संपलं; पुन्हा बँकेत जाऊन नव्याने नाव नोंदवायचं. दिल्लीत बसून ज्याने हे वेळापत्रक आखलं त्याला मराठवाड्यातला मे माहीत नसेल, हे समजू शकतं. पण २०१५ पासून ते तसंच चालू आहे, ते का?

कमी कमाईच्या माणसाने चार पैसे मागे टाकावेत म्हणून सरकार अधूनमधून हात सैल सोडतं. २०१० साली केंद्राने स्वावलंबन योजना आणली. असंघटित कामगाराने पेन्शन खात्यात वर्षाला १००० ते १२००० रुपये भरले, की सरकार आपले १००० रुपये टाकणार. २०१५ मध्ये तिची जागा अटल पेन्शन योजनेने घेतली. सुरुवातीच्या काही महिन्यांत जे खातं उघडतील, आयकर भरत नसतील आणि दुसऱ्या कुठल्या कायदेशीर सामाजिक सुरक्षा योजनेत नसतील, त्यांच्या हप्त्यांच्या निम्मी किंवा वर्षाला १००० रुपये, यातली जी कमी ती रक्कम सरकार पाच वर्षं घालणार होतं. तीस वर्षांच्या बाईने साठीनंतर महिना १००० रुपये मिळावेत म्हणून खातं काढलं तर तिचा हप्ता महिन्याला ११६ रुपये. वर्षाचे झाले १३९२. सरकारचे त्यावर ६९६. रक्कम लहान आहे, पण गंगाखेडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ती लहान वाटणार नाही.

खरी मेख अटीत होती. वर्षाचे सगळे हप्ते भरले गेल्याचं नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने कळवल्यावरच सरकारचा वाटा जमा व्हायचा. सगळे म्हणजे सगळे. आता परभणी जिल्ह्यात पैसा कधी येतो ते पाहा. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे बाजारात जातं, कापूस फेब्रुवारीपर्यंत वेचला जातो, आणि पालम, सोनपेठ, गंगाखेडकडची ऊसतोड कुटुंबं उचल घेऊन दसरा-दिवाळीला पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात निघतात. ती उचल बरेचदा निघण्याआधीच जुन्या देण्यात जिरते. उन्हाळ्यात बहुतेक घरांत फक्त खर्च असतो. ज्याची कमाई अशी झऱ्यासारखी कधी वाहते, कधी आटते, त्याला बाराही महिने सारखा हप्ता मागायचा आणि एक चुकला की सरकारी वाटा अडवायचा, याचा अर्थ प्रोत्साहन त्यालाच द्यायचं ज्याला ते नसतं तरी चाललं असतं. अटल पेन्शनचे हप्ते तिमाही किंवा सहामाही भरायचीही सोय आहे. सोयाबीन विकल्यावर एकदा आणि हरभरा विकल्यावर एकदा, असं केलं तर गाडं बरंचसं सुरळीत होईल. पण फॉर्म भरून घेणाऱ्याला दिवसाचा इष्टांक गाठायचा असतो, आणि तो ‘मासिक’वर टिचकी मारून मोकळा होतो.

ब्रिटनमध्ये याच प्रश्नाशी झालेली झटापट इथे उपयोगी पडावी. मजूर पक्षाच्या सरकारने २००९ मध्ये ‘सेव्हिंग गेटवे’ नावाचा कायदा केला. गरीब खातेदाराने पौंड टाकला की सरकार ५० पेन्स टाकणार होतं. जुलै २०१० मध्ये योजना सुरू व्हायची, तर जूनच्या अर्थसंकल्पात नव्या सरकारने ती गुंडाळली. पुढे २०१८ मध्ये ‘हेल्प टू सेव्ह’ या नावाने तीच कल्पना परतली: महिन्याला ५० पौंडांपर्यंत भरा, आणि पहिल्या दोन वर्षांत शिल्लक सर्वांत जास्त जिथवर गेली असेल तिच्या निम्मी रक्कम बोनस. मध्ये चार महिने काही भरलं नाही किंवा अडचणीला पैसे काढले, तरी गाठलेल्या उंचीचा बोनस जात नाही. योजना करणाऱ्याने गरिबाचा हात मोकळा कधी असतो आणि अडलेला कधी, याचा विचार केलेला दिसतो. आपल्याकडे असा विचार करण्याइतकी हुशार माणसं नाहीत असं नाही. पण ज्यांचे हप्ते तुटले त्यांची गोष्ट वर कुणाच्या कानावर जावी अशी वाटच नाही, आणि माझा मुद्दा इथून पुढे तोच आहे.

बचतीवर देखरेख कशी असावी याचे दोन नमुने आपल्या गावांत आधीच आहेत. पहिला टपाल खात्यातला. १९७२ पासून महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बायका घरोघरी जाऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करतात. त्यांची नेमणूक जिल्हा प्रशासनाकडून, कमिशन चार टक्के. २०११ मध्ये अल्पबचतीची इतर कमिशनं कापली किंवा बंद केली, पण हे राहिलं. पैसे घेतले की खातेदाराकडच्या कार्डावर रक्कम, तारीख आणि एजंटची सही. ते कार्ड घरात, डब्यात, देवाच्या फोटोमागे असतं. पासबुक पोस्टात जाऊन शिक्का घेऊन येतं, आणि कार्ड-पासबुक जुळतं की नाही हे अक्षरओळख असलेली पोरगीसुद्धा सांगू शकते. पासबुक न बघता कार्डावरच विसंबणाऱ्यांना फटके बसलेले आहेतच. पण तपासण्याचं साधन बचत करणाऱ्याच्या हातात आहे, ही गोष्ट खरी.

आता या अल्पबचतीचा उत्साह सरकारला कधी होता, हेही बघण्यासारखं आहे. एके काळी जिल्हाधिकाऱ्यांना अल्पबचतीचा इष्टांक असे, वर्षअखेरीला तहसीलदारांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना प्रमाणपत्रं खपवायची घाई असे. कारण सरळ होतं. गोळा झालेल्या रकमेतला मोठा वाटा राज्याला केंद्राकडून कर्ज म्हणून मिळायचा. १९९९ मध्ये राष्ट्रीय अल्पबचत निधी वेगळा झाल्यावर मधली काही वर्षं तर सगळीच रक्कम. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्यं त्या निधीतून बाहेर पडली, आणि जिल्हा कचेरीतली अल्पबचत एकदम पोरकी झाली. गरिबाला बचतीची सवय लागली पाहिजे वगैरे भाषणं त्यानंतर फारशी ऐकू येत नाहीत. मला या ढोंगाचा फार रागही येत नाही. सरकारला पैसा हवा होता, लोकांना सुरक्षित जागा हवी होती, व्यवहार दोघांच्या सोयीचा होता.

दुसरा नमुना बचत गट. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियान यांनी तो खेड्यापाड्यांत नेला. पालम किंवा जिंतूर तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या गटाची बैठक बघावी. सतरंजीवर बायका गोल बसतात. सचिव एकेकीचं नाव घेते, ती आपले पैसे मधोमध ठेवते, सगळ्यांसमक्ष मोजून वहीत लिहिलं जातं आणि पासबुकावरही चढतं. मग कर्जाची मागणी. कुणाला पोराच्या फीला हवेत, कुणाला शेळीला, कुणाला दवाखान्याला. शेकडा दोन रुपये व्याज, आणि ते व्याज कुणाकडे जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते गटाकडेच येतं. जिने मागच्या वेळचे फेडले नाहीत तिला समोरच्या बाईच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. शेवटी वही वाचून दाखवतात. गट नीट चालला की सरकारचा फिरता निधी मिळतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो १५ हजारांवरून ३० हजार केला. म्हणजे इथेही प्रोत्साहन आहे, पण ते मिळतं बैठका, वही आणि परतफेड बघून.

गटांची आरती ओवाळायची नाही. कित्येक गट आता कागदावर आहेत, कित्येक खासगी मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्यांखाली दबलेत, आणि निवडणूक आली की गटांच्या याद्या कुणाकुणाच्या गाडीत फिरतात ते गावाला दिसतं. तरीही वही सगळ्यांपुढे वाचणं, ही पद्धत जिथे टिकली तिथे गट टिकले.

आता या सतरंजीवरून उठून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ. अग्रणी बँक योजना १९६९ पासून आहे. तिच्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेत बँकांची समिती दर तिमाहीला बसते, आणि आमदार-खासदारांना जागा असलेली आढावा समिती निराळी. कागदावर रचना चांगली आहे. तिथे येणाऱ्या तक्त्यांत जनधन किती, विमे किती, अटल पेन्शनची नवी खाती किती, उद्दिष्टाच्या किती टक्के, हे असतं. जी खाती मागच्या वर्षी उघडली त्यांतल्या कितींचे हप्ते चालू आहेत, किती बंद पडली आणि का, हा रकाना कुणी मागितल्याशिवाय येत नाही, आणि मागणारा बैठकीत नसतो. खातेदाराला खुर्ची नाही. परभणीकरांची बँक तर मधल्या काळात पाटीही बदलत गेली. १९७६ची मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली, २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, मे २०२५ मध्ये ग्रामीण बँक विदर्भ-कोकण ग्रामीण बँकेशी एक झाली. या प्रत्येक वळणावर कुणाचा हप्ता सांडला का, हे तपासणं आढावा समितीचंच काम होतं.

लोक सरकारी खातं सोडून दुसरीकडे का जातात, याचं उत्तर यात आहे. पिग्मी एजंट संध्याकाळी दुकानावर येतो, मल्टिस्टेट पतसंस्थेची शाखा बँक बंद झाल्यावरही उघडी असते, आणि व्याज बँकेपेक्षा घसघशीत. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये मराठवाड्यातल्या लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले, प्रकरण सक्तवसुली संचालनालयापर्यंत गेलं, २०२४ मध्ये संस्था अवसायनात निघाली. ठेवीदार जिल्हा उपनिबंधकाकडे गेला तर उत्तर ठरलेलं: अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्थेचा निबंधक दिल्लीत. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला त्यातला एक पैसाही नाही. हा फरक शाखेच्या दारावर ठळक अक्षरांत लिहा, अशी सक्ती करायला कितीसा खर्च येतो? लेखापरीक्षक संस्थेनेच नेमायचा, अहवाल वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर व्हायचा आणि देखरेख करणारा हजार किलोमीटरवर, ही व्यवस्था बुडाली याचं नवल नाही. इतकी वर्षं तरंगली याचं आहे.

याउलट गरिबावर नजर ठेवायची असली की यंत्रणेला डोळे फुटतात. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये आली, महिना १५०० रुपये. निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर झाले. नंतर पडताळणी सुरू झाली. २०२५ मध्ये सुमारे २६ लाख नावांचा हप्ता थांबवण्यात आला, त्यात पुरुषांचीही खाती निघाली, मग सगळ्यांनाच ई-केवायसी. अपात्रांना वगळलंच पाहिजे, यात दुमत नाही. पण सर्व्हर अडला म्हणून सेवा केंद्राच्या पायरीवर दिवस घालवणारी बाई आणि डोळे मिटून अर्ज मंजूर करणारा अधिकारी, यांच्यात चौकशी कुणाची झाली? पहिल्या हप्त्याच्या वेळी काही बँकांनी ते पैसे किमान शिलकीच्या दंडात आणि जुन्या कर्जात वळते केले, तेव्हा सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. ती वेळ यायला बायकांना गावोगाव ओरड करावी लागली.

देखरेखीच्या संस्था नाहीत अशी आपली अडचण कधीच नव्हती. महालेखापरीक्षक आहेत, स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे, विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. तिचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत रात्री बारापर्यंत दिवे जळतात, जुन्या फायली सापडू लागतात आणि शाळांना रंग लागतो. समितीची गाडी हद्दीबाहेर गेली की पुन्हा सामसूम. मराठवाडा विकास मंडळ होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ग्रामपंचायत कायदा तर सांगतो की वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचा शेरा ग्रामसभेपुढे ठेवायचा. किती गावांत तो वाचून दाखवतात, हे वाचकाने आपापल्या गावाला विचारावं.

माझी मागणी एका रकान्याची आहे. अग्रणी बँकेच्या तिमाही तक्त्यात ‘हप्ते चालू असलेली खाती’ आणि ‘बंद पडलेली खाती, कारणासह’ हे आकडे शाखावार यावेत. कुणाचं नाव नको, नुसते आकडे. तो तक्ता तालुक्यातल्या बचत गटांच्या प्रभाग संघांना जावा आणि त्यांच्या दोन प्रतिनिधींना आढावा समितीत बोलायची मुभा असावी. दर महिन्याला वही वाचणाऱ्या बायकांना तक्ता वाचता येणार नाही, असं कुणी म्हणू नये. २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी अटल पेन्शन घेतलेली माणसं २०३५ मध्ये साठीची होतील. त्यांतल्या परभणी जिल्ह्यातल्या कितींचा हप्ता आज चालू आहे आणि किती जणांचा मधल्या एखाद्या मे महिन्यात तुटला, हे मोजायला २०३५ ची वाट बघायची गरज नाही. पुढच्या तिमाहीच्या बैठकीतच ते विचारता येईल.